तिसरी पसंती

माणसाच्या आयुष्यात खरा निर्णय एकदाच येतो, आणि तो घेताना माणूस जगात अगदी एकटा असतो, असं डॉ. रक्षिता बी. राव हिचं मत होतं. ज्या शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत तिला तो घ्यायचा होता, त्या शनिवारी यशवंतपूरच्या घरात जेवणाच्या टेबलाभोवती आई, अण्णा, शेजारचे हयवदनराव, हयवदनरावांचा रंगीत पेन्सिलींनी भरलेला तक्ता आणि भिजवलेल्या अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, दाण्यांचं मोठं पातेलं एवढी मंडळी होती. एकांत मिळावा म्हणून ती न्हाणीघरात गेली, तर बाहेरून आईने विचारलं, "आत काय ठरवत बसलीस?"

तसं सगळं सकाळीच बिघडलं होतं. महादेवपुऱ्यातल्या एका आयटी पार्कच्या तळमजल्यावर जो दवाखाना आहे, तिथे ती वर्षभर बसत होती. खिडकीतून कारंजं दिसायचं, आणि पेशंट म्हणजे कारंज्याच्या पलीकडून गळ्यात ओळखपत्र अडकवून येणारी, मान, मनगट आणि पोट या तीनच अवयवांची तरुण माणसं. त्या दिवशी अकराच्या सुमारास अजिंक्य नावाचा पुण्याचा एक मुलगा मनगट घेऊन आला. ती मराठी बोलते म्हटल्यावर त्याला फार आनंद झाला आणि त्या आनंदाच्या भरात तो म्हणाला, "मॅडम, एक विचारू? डोन्ट माइंड हां. तुम्ही नेमक्या कशातल्या डॉक्टर?"

"कशातल्या म्हणजे?"

"म्हणजे, स्पेशालिटी वगैरे. का फक्त एमबीबीएस?"

"सध्या फक्त," रक्षिता म्हणाली.

"नो नो, कूल आहे एकदम," त्याने धीर दिला. "माझा भाऊपण अजून शोधतोय स्वतःला."

तिने त्याच्या मनगटाला पट्टी जरुरीपेक्षा थोडी घट्ट बांधली, आणि मग शपथेची आठवण होऊन पुन्हा सोडून बांधली. पण तो 'फक्त' कानात राहिला. साडेपाच वर्षं, हाडांचे दोन हजार उंचवटे, अवघड लॅटिन नावं आणि एका मेलेल्या माणसाचा उजवा हात, ज्याच्यावर ती आणि आणखी सात जण वर्षभर शिकले होते, हे सगळं त्या एका शब्दात मावलं आणि वर जागा उरली. अर्ध्या दिवसाची रजा घेऊन ती मेट्रोत बसली तेव्हा समोरच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला. मॅजेस्टिकला गाडी बदलताना जिन्यावर माणसं अशी वाहत होती की जणू प्रत्येकाला आपली स्पेशालिटी कळलेली आहे.

ठरवायचं होतं ते सांगायला सोपं होतं. पदव्युत्तर परीक्षेत तिचा क्रमांक आला होता तेवीस हजार चारशे अकरा. आता कॉलेजं आणि त्यांतले विषय आपल्याला हवे त्या क्रमाने एका यादीत भरायचे. मग कॉम्प्युटर प्रत्येकाची यादी वरून खाली वाचत येतो आणि त्या क्रमांकाला जी पहिली जागा मिळण्यासारखी असेल ती देऊन टाकतो. तिथे तीन वर्षं, आणि मग उरलेला जन्म माणूस त्या विषयाचा. तिने चौसष्ट ओळी भरल्या होत्या. तिच्या बरोबरीच्या मुलामुलींना काय हवं ते अगदी स्पष्ट होतं. कोणाला त्वचारोग, कारण त्यात कोणी मरत नाही, पूर्ण बरंही होत नाही आणि रात्री दोनला कोणी फोन करत नाही. कोणाला एक्स-रेचा विषय, कारण तिथे अंधार, एसी आणि पेशंट फक्त फिल्मवर. रक्षिताने पहिल्या ओळीत बालरोग ठेवला होता, बंगळुरातलंच एक कॉलेज. दुसऱ्या ओळीत स्त्रीरोग, तेही गावातच. दोन्हींना घरात मान होता. तिसऱ्या ओळीत तुमकूरच्या पलीकडच्या एका जिल्हा रुग्णालयातलं भूलशास्त्र होतं. ते का, असं कोणी विचारलं असतं तर ती 'असंच' म्हणाली असती. कोणी विचारलं नव्हतं.

त्या रुग्णालयात तिने इंटर्नशिपचे दोन महिने काढले होते. तिथे कावेरी मॅडम म्हणून भूल देणाऱ्या होत्या, बुटक्या, पन्नाशीच्या, ऑपरेशनच्या टेबलाजवळ एका लाकडी फळीवर उभ्या राहणाऱ्या. पेशंटला झोपवण्याआधी त्या त्याला आकडे उलटे मोजायला लावत नसत. आकड्यांनी माणूस घाबरतो, त्याला परीक्षा आठवते, असं त्यांचं म्हणणं. त्या विचारायच्या, आज घरी काय केलं होतं? एकदा तानूबाई नावाची एक पेशंट आली, चिकोडीकडची, वीटभट्टीवर कामाला आलेली, पोटात गाठ. तिला कन्नड समजायचं, पण भीती मराठीत वाटत होती. मॅडम रक्षिताला म्हणाल्या, तू ये, डोक्याशी उभी राहा, बोल तिच्याशी. रक्षिता उभी राहिली. तानूबाईने तिचं बोट धरलं, वीट उचलून उचलून झालेल्या खरखरीत हाताने, आणि विचारलं, "मला परत उठिवशील न्हवं, बाय?" रक्षिता म्हणाली, "उठवीन." आजवर तिने आयुष्यात दिलेलं हे एकमेव वचन होतं, आणि ते देताना ते पाळायचं कसं हे तिला अजिबात माहीत नव्हतं. मग काय बोलावं कळेना म्हणून तिने विचारलं, "घरी कोण कोण आहे?" "कोण न्हाई. एक तांबडी कोंबडी हाय. ती काय करती म्हाईत हाय का, रोज सकाळी उठून —" आणि तिथे तानूबाई झोपली. मॅडमनी रक्षिताची दोन बोटं घेऊन तानूबाईच्या जबड्याखाली ठेवली आणि सांगितलं, असा वर धर, सोडू नकोस. आणि रक्षिताच्या बोटांवर एका माणसाचं डोकं आलं. ते इतकं जड असतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. जागेपणी आपापलं डोकं आपण सगळे उचलून धरत असतो आणि एवढं वजन उचलतोय हे कोणाला दाखवत नाही, असं काहीतरी तिला वाटून गेलं. पुस्तकात ते नव्हतं, त्यामुळे खरं की खोटं ते पडताळता येईना. श्वास त्या दोन बोटांवरून येत होता आणि जात होता. पलीकडे सर्जन मोठमोठ्याने बोलत गाठ काढत होते, पण ते पलीकडचं होतं. इकडच्या बाजूला फक्त जबडा, श्वास आणि मॅडम. पावणेदोन तासांनी तानूबाईने डोळे किलकिले केले, आढ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "— शेजारणीच्या घरात जाऊन अंडं घालती." सर्जन तोवर हात धुवून गेलेही होते.

ज्या घरात अठ्ठावीस वर्षांत कोणी कोणाला वाक्य पुरं करू दिलं नव्हतं, त्या घरच्या मुलीवर या गोष्टीचा काय परिणाम झाला असेल ते सांगायला नको. रक्षिताने तो कोणाला सांगितला नाही. स्वतःलाही, असं म्हणायला हरकत नाही.

घरी आली तेव्हा अण्णा फाटकापाशीच होते. अण्णा म्हणजे तिचे वडील भगवंतराव, यशवंतपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि आता समाजाच्या मंडळाचे चिटणीस. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर घोड्यावरून बंगळुरात आले, आणि उतरले ते उतरलेच. पावणेचारशे वर्षांत घराण्यातलं कोणी तुमकूर रोडच्या टोलनाक्यापलीकडे राहायला गेलेलं नाही. आडनावाचं मात्र वाटेत कुठेतरी 'राव' झालं, ते इथे सगळ्यांचंच होतं. रक्षिताला एमबीबीएसला जागा मिळाली त्याच आठवड्यात अण्णांनी फाटकाच्या खांबाला तिच्या नावाच्या पाटीसाठी चार भोकं पाडून घेतली होती. तेव्हापासून त्या भोकांत मुंग्या राहत होत्या आणि त्यांची तिथे आता चौथी-पाचवी पिढी असावी.

"आलीस? हयवदनराव केव्हाचे आलेत," अण्णा म्हणाले. "तक्ता घेऊन."

हयवदनराव विमा कार्यालयातून निवृत्त झालेले. माणूस कधी मरेल याचा अंदाज करण्यात उमेदीची वर्षं गेल्यामुळे गेल्या तीन वर्षांत कोणती जागा कोणत्या क्रमांकाला बंद झाली हे काढणं त्यांच्या हातचा मळ होतं. ते कन्नडमध्ये बोलत आणि घरातले त्यांना मराठीत उत्तर देत; तीस वर्षं असं चाललं होतं आणि कोणाचं काही अडलं नव्हतं. तक्त्यात हिरवं म्हणजे नक्की, पिवळं म्हणजे देवाची इच्छा, लाल म्हणजे कशाला उगाच. चष्मा कपाळावर चढवून ते रक्षिताच्या लॅपटॉपवर वाकले.

"पहिली ओळ हिरवी," ते म्हणाले. "दुसरी हिरवी. तिसरीला माझ्याकडे आकडाच नाही. नवी जागा दिसते, यंदापासूनची. पण तिथवर येतंय कोण? पहिलीच मिळेल. सरी, ठीक आहे. लावा यादीला कुलूप."

"बालरोग," अण्णा म्हणाले. डोळ्यांसमोर अक्षरं दिसत असल्यासारखे ते थांबले. "पाटीवर बरं दिसतं."

रक्षिता अवरेचे दाणे सोलत होती. अंगठा आणि बोट यांत दाणा धरून किंचित दाबला की साल हातात राहते आणि दाणा पुढे उडी मारतो. हे काम करताना डोकं रिकामं राहतं असं म्हणतात. तिचं भरलेलं होतं. तिला लहान मुलं आवडायची. सगळ्यांनाच आवडतात. ती रडली की त्यांच्या आयाही रडतात, हेही ती इंटर्नशिपमध्ये तीन महिने बघून आली होती आणि तेही तिला सोसलं होतं. म्हणजे तक्रार करावी असं काही नव्हतं. कुलूप लावायचं लाल बटण कोपऱ्यात शांत बसलं होतं. एकदा लावलं की संपलं. संपेल तर बरं, असं तिला वाटत होतं. लग्नाच्या कार्यालयात वाढपी ज्या पंगतीत बसवेल तिथे बसण्यातही एक सुख असतं.

तेवढ्यात आई हात पुसत आली. कौशल्याबाईंना इंग्रजी वाचायला वेळ लागायचा, पण वाचलं की ते वाचलेलं असायचं. त्या पहिली ओळ वाचून गेल्या, दुसरी वाचून गेल्या, तिसरीवर बोट ठेवून थांबल्या. मग लेकीकडे बघून हसल्या.

"हुशार आहेस गं."

"कशात?"

"तिसऱ्याला ठेवलंस ते. कोणाला कळायचं नाही."

"काय कळायचं नाही?"

"तुला काय हवंय ते."

रक्षिताच्या हातातला दाणा उडून हयवदनरावांच्या तक्त्यावर पडला, पिवळ्यात. आईच्या बोलण्याचा अर्थ तिला लगेच कळला, कारण ती चिकपेटेत, साड्यांच्या बाजारात, वाढली होती, म्हणजे आईच्या पदराला धरून. आई साडी घ्यायला दुकानात शिरली की जी घ्यायची तिच्याकडे ढुंकूनही बघायची नाही. आधी एक पोपटी काढायला लावायची, तिचा पोत चोळायची, किंमत विचारायची, नाक मुरडायचं. मग एक जांभळी. तिची घडी पूर्ण उलगडून घ्यायची, दिव्याखाली धरायची. मग उठायचं, चप्पल घालायची, आणि दारातून मागे वळून, जणू आत्ताच दिसली अशी, "आणि ती हो कसली? त्या कोपऱ्यातली?" दुकानदार पहिल्या दोन साड्यांवर इतका दमलेला असायचा की तिसरी तो जवळजवळ अंगावरून काढून टाकावी तशी देऊन टाकायचा. लहानपणी पिशवी धरून उभ्या असलेल्या रक्षिताला वाटायचं, आईला काय हवं ते आईलाच दारात पोचल्यावर कळतं. पुढे तिच्या लक्षात आलं, आईला ते घरून निघतानाच माहीत असतं.

"आणि ते पहिले दोन मग कशाला?" अण्णांनी विचारलं.

"विचारायला," आई म्हणाली. "नुसतं विचारायला. घ्यायचं थोडंच असतं?"

"आई, इथे तसं नसतं," रक्षिता म्हणाली. "इथे घासाघीस नाही."

"एक दर म्हणून पाटी सगळ्याच दुकानांत असते."

"दुकानदारच नाही ना पण! कॉम्प्युटर आहे. वरून वाचत येतो. पहिलं देता येण्यासारखं असलं की देतो, खालचं बघतसुद्धा नाही."

"बघत नाही?"

"नाही."

आई खुर्चीवर बसली. "म्हणजे पोपटी दाखवा म्हटलं की पोपटीच बांधून देणार?"

"हो."

"असलं कसलं मेलं दुकान," आई म्हणाली, आणि मग एकदम तिचा आवाज चढला. "मग तुला माहीत होतं ना हे? मला माहीत नव्हतं, मी अडाणी. तू एवढी शिकलीस, आणि हवं ते तिसऱ्याला ठेवून बसलीस?"

हयवदनरावांनी चष्मा खाली घेतला. आपल्या तक्त्यात हा रकाना कधी नव्हता, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. चूक आईची नव्हती, हे तिला तिथे, सोललेल्या सालींच्या ढिगासमोर, अगदी स्वच्छ दिसलं. यादी तिची, क्रम तिचा. आणि ही पहिली वेळही नव्हती. तिसऱ्या वर्षाला वर्गमैत्रीण वीणाने तिला हॉस्टेलच्या गच्चीवर विचारलं होतं, वर्गातला कोण बरा वाटतो गं? रक्षिताने दोन नावं अगदी मन लावून घेतली होती, एकाची उंची, दुसऱ्याचं अक्षर, आणि मग जाता जाता म्हणाली होती, तसा तो बेळगावचा संग्रामही ठीक आहे. वीणाने पहिली दोन नावं सोडून दिली आणि संग्रामशी स्वतः लग्न केलं. तिची आईही चिकपेटेतच खरेदी करत असणार. रक्षिता त्या लग्नात दोन दिवस राबली होती आणि तिला फारसं वाईटही वाटलं नव्हतं, कारण तिसऱ्या क्रमांकाचं जे असतं ते गेलं तरी गेल्यासारखं दिसत नाही. तीच त्याची सोय. पहिल्या ओळीत लिहायचं म्हणजे सगळ्यांसमोर हात पुढे करायचा. त्यानंतर नाही मिळालं तर नाही मिळालं हे उघड होणार, तुमकूरच्या पलीकडच्या मॅडमच्या त्या फळीपर्यंत उघड होणार. आणि मिळालं तर? मिळालं तर रोज कोणीतरी विचारणार, मला परत उठवशील ना, आणि रोज उठवीन म्हणावं लागणार, आणि दर वेळी ते खरं करावं लागणार. तिला दोन बोटांवरचं ते वजन आठवलं. भीती वाटली, पण ती दुकानातून पळून जायची भीती नव्हती; लहान मूल पहिल्यांदा हातात घेताना वाटते तशी, पाय घट्ट रोवायला लावणारी.

तिने तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून वरचा बाण दोनदा दाबला. आवाज झाला नाही. बालरोग निमूटपणे खाली सरकला.

"भूल?" अण्णा म्हणाले. "भूल देणाऱ्याची पाटी कोण लावतं? पेशंटला नावसुद्धा माहीत नसतं. तो शुद्धीवर येऊन सर्जनच्या पाया पडतो. आणि राहणार कुठे? तिकडे? आपलं कोण आहे तिकडे?"

"त्याच रस्त्यावर तर तुम्ही रोज फिरायला जाता," आई म्हणाली.

"तुम्ही दोघींनी ठरवलंत तर मी कोण," अण्णा म्हणाले आणि आपला फोन घेऊन फाटकाशी जाऊन उभे राहिले. घरात रुसायला दुसरी जागा नव्हती.

रक्षिताने लाल बटण दाबलं. पडद्यावर लिहून आलं, नोंदवलेल्या मोबाइलवर सहा अंकी क्रमांक पाठवला आहे. सात वर्षांपूर्वी एमबीबीएसचा फॉर्म भरताना घरचा म्हणून अण्णांचा जो नंबर पडला होता तो अजून तसाच चालत आला होता, आणि तो फाटकाशी उभा होता. दोन मिनिटांचं घड्याळ उलटं पळू लागलं.

"अण्णा! ओटीपी आला का?"

"आला असेल."

"सांगा ना."

"मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

हयवदनराव उठले, आपला स्वतःचा चष्मा काढून बाहेर गेले आणि तो अण्णांच्या नाकावर ठेवून परत आले. येताना दारावर आपटले. अण्णांनी फोन लांब धरला.

"चार," ते म्हणाले. "परत चार. शून्य." मग फोन आणखी लांब धरला. "सात."

"एक मिनिट राहिलं, अण्णा."

"दोन," अण्णा म्हणाले आणि थांबले. "आणि पाटी?"

"लावू की पाटी. भूलतज्ज्ञ म्हणून लावू."

"लोक घाबरतील."

"खाली बारीक अक्षरात लिहू. नुसती झोप येत नसेल तर बेल वाजवू नये."

अण्णांना हसायचं नव्हतं. ते खांबाकडे तोंड करून उभे राहिले, पण पाठ हलली. आई आतून ओरडली, "अहो, सांगा की शेवटचं! सगळ्या जन्मात एकदा पोरगी काहीतरी मागतेय!"

रक्षिताचं बोट सहाव्या चौकोनावर होतं. तेवीस, बावीस.

"नऊ," अण्णा म्हणाले. मग, कोणी न विचारता, पुन्हा, जरा मोठ्याने, "नऊ गं."

दहा दिवसांनी निकाल लागला. तिला पहिल्या ओळीतली, भूलशास्त्राची जागा मिळाली. तिथे दोन जागा होत्या. दुसरी त्या फेरीत कोणी मागितली नाही, पुढच्या फेरीतही नाही, आणि वर्षभर ती रिकामीच राहिली.